शब्दांतले रूप आणि चित्रांतले रूप

अद्भुत कादंबऱ्यांच्या सचित्र आवृत्त्या आता पुष्कळ घरांत दिसतात. मुलांना सणावारी भेट देण्यास असा देखणा ग्रंथ कोणास आवडणार नाही? तरीही शब्दांनी अर्धे झाकून ठेवलेले रूप चित्राने पूर्ण उघडे करावे काय, हा प्रश्न उरतोच. आणि आमच्या मते तो वाचकाच्या मनःस्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

इंग्रज ग्रंथकार जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या परीकथांवरील निबंधात असे मत मांडले की, चित्रे स्वतः कितीही सुरेख असली तरी त्यांनी परीकथेचे फारसे हित होत नाही. कथेत ‘टेकडी’ म्हटले की प्रत्येक वाचक आपण पाहिलेल्या टेकड्यांतून स्वतःची एक टेकडी घडवितो. चित्रकार मात्र आपली एकच टेकडी सर्वांपुढे ठेवतो. आणि तरीही ‘द हॉबिट’ (१९३७) या आपल्या कादंबरीसाठी टॉल्किन यांनी स्वतःच चित्रे काढली होती! मात्र त्यांत डोंगर, अरण्ये व दऱ्या यांनाच मोठे स्थान आहे. नायक दिसलाच तर बहुधा लहानसा.

१९६२ साली याच कादंबरीच्या स्वीडिश आवृत्तीसाठी फिनलंडच्या तुव्हे यानसन यांनी चित्रे काढली. गुहेत राहणारा गॉलम त्यांनी अवाढव्य रंगविला. दोष कोणाचा म्हणावा? मूळ संहितेत त्याचा आकार सांगितलाच नव्हता. पुढे १९६६ च्या इंग्रजी आवृत्तीत ‘लहानसा’ या अर्थाचे विशेषण आले. चित्राने शब्दांतील मोकळी जागा दाखवून दिली. पण ती जागा भरताच वाचकाचा एक अधिकार उणा झाला.

हा पेच आम्हांस परका नाही. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वतींची रंगीत चित्रे भिंतीभिंतींवर आली. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरी देव पोहोचले. हा उपकार लहान नव्हे. परंतु ‘लक्ष्मी’ म्हणताच तेच एक मुख डोळ्यांपुढे उभे राहावे, हेही त्याच चित्रांनी केले.

याचे उत्तर आमच्या आचारातच आहे. चतुर्थीला मातीच्या मूर्तीत आम्ही गणेशाचे आवाहन करतो, तिच्यापुढे मस्तक नमवितो आणि अखेर तीच मूर्ती पाण्यात सोडतो. मूर्ती खोटी म्हणून आम्ही ती सोडीत नाही. देव तेवढाच नाही, म्हणून सोडतो. चित्रालाही असेच आवाहन आणि असेच विसर्जन असावे.

तेव्हा सचित्र ग्रंथ मुलाच्या हाती अवश्य द्यावा. पण त्याआधी ती कथा त्याला तोंडाने सांगावी आणि स्वतःचे रूप कल्पू द्यावे. मग चित्र दाखवून विचारावे, ‘तुला हा कसा दिसला होता?’ त्याचे उत्तर चित्राहून वेगळे आले, तर ते सुधारण्याचा अधिकार आम्हांस नाही.