चार हात पुढे

पाठ सरळ ठेवून बसा. डोळे मिटायची घाई नको. आधी सदलगा गावाजवळची दूधगंगा नदी मनात आणा. सह्याद्रीतून निघालेली, काळम्मावाडीच्या धरणात अडलेली, उसाच्या शिवारांतून इथवर आलेली. पुढे ती कृष्णेला मिळणार आहे. थंडीचे दिवस आहेत, पाणी संथ आहे. काठावर एक जण गळ टाकून बसलाय आणि दोरीचं भेंड पाण्यावर जागच्या जागी उभं आहे. मासा लागेल का, हा प्रश्न त्याच्याकडेच राहू द्या. तुम्ही फक्त पाण्याचा वरचा थर पाहा.

आता स्वतःला विचारा, या थरावरून मला नेमकं काय कळतं?

खोली कळत नाही. वाळू उपसून झालेला खड्डा दिसत नाही. गुडघाभर पाण्यातून पुढचं एकच पाऊल गळ्याच्या वर नेऊ शकतं. वर धरणातून पाणी सोडलंय का, तेही इथे बसून कळत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि पोहणाऱ्यालाही पुन्हा बंधाऱ्याकडेच ओढतं. वरून तिथे नुसता फेस दिसतो. 2005, 2019 आणि 2021 साली या खोऱ्याने महापुरात पाण्याचं दुसरं रूप पाहिलं. तीच ही नदी आहे. तिच्याविषयी मनात भीती आली तर येऊ द्या, बेफिकिरी आली तर तीही पाहा. दोन्हींना थोडं बाजूला बसवा.

एक श्वास घ्या. सोडा. डोळे मिटा.

आता दूर जाऊ. अमेरिकेतल्या मिनेसोटात, फिनलंडमध्ये, सैबेरियातल्या बैकाल सरोवरावर हिवाळ्यात पाणी गोठतं. माणसं त्या बर्फावरून चालत जातात, भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून बसतात. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून ते तळाशी जातं. बर्फ हलका, म्हणून वर तरंगतो. त्या छपराखाली मासे मंद होऊन हिवाळा काढतात. हे छप्पर मासे जगवतं. माणसाला पेलेल की नाही, हे मात्र मोजावं लागतं.

एका माणसाने पायी चालायचं तर निदान चार इंच जाड, नितळ, नवा बर्फ हवा, असं मिनेसोटाचा सरकारी सल्ला सांगतो. पांढरट, हिम मिसळलेल्या बर्फाची ताकद साधारण निम्मीच धरायची. ओढा जिथे तळ्याला मिळतो, खालून झरा येतो किंवा पुलाचे खांब उभे असतात, तिथे बर्फ पातळ असतो. म्हणून जाणता माणूस काठावर एकदा मोजून मोकळा होत नाही. हातातल्या लोखंडी पहारीने तो पुढचा बर्फ ठोकतो, मग पाऊल उचलतो. थोडं चालून भोक पाडून पुन्हा मोजतो. काल याच वाटेने गेलो होतो, ही खात्री तो आज धरत नाही.

त्या माणसाची चाल मनात धरा. ठोकणं, थांबणं, पाऊल. ठोकणं, थांबणं, पाऊल. तुमचा श्वासही त्याच लयीत येऊ द्या.

ही चाल सदलग्याला परकी नाही. 1946 सालच्या शरद पौर्णिमेला याच गावात विद्याधर नावाचा मुलगा जन्मला. 1968 साली अजमेरला मुनिदीक्षा घेऊन तो विद्यासागर झाला, पुढे आचार्य झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये डोंगरगडच्या चंद्रगिरीवर त्यांनी देह ठेवला. जैन मुनींच्या आचारात ईर्या समिती आहे: चालताना चार हात पुढची जमीन पाहायची, पायाखाली जीव येत नाही ना हे बघायचं, मगच पाऊल टाकायचं. बर्फावरचा माणूस स्वतःचा जीव वाचवण्यासाठी पुढे पाहतो, मुनी दुसऱ्याचा. दोघांची नजर मात्र सारख्याच अंतरावर खिळलेली असते.

इथे मनाला खटकेल. मासे धरणं आणि अहिंसा एकत्र कशी बसतील? या गावातल्या कितीतरी घरांत पाणी गाळून पितात आणि गाळण्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडण्याची शिकवण आहे. नदीकाठी ज्यांची चूल माशावर चालते तीही माणसं याच खोऱ्यातली. हा पेच आज सोडवू नका. त्याच्याजवळ बसा.

बसल्या बसल्या जून महिना आठवा. पहिल्या लोंढ्याबरोबर मासे प्रवाहाच्या उलट ओढ्यांत, पाणी भरलेल्या रानांत अंडी घालायला चढतात. चढणीचे मासे अडवून धरणं सोपं असतं, कारण तेव्हा त्यांना दुसरं भान नसतं. पण एका मोठ्या रोहूच्या पोटात लाखांवर अंडी असतात. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. जमिनीवर जीवजंतू वाढतात म्हणून त्याच पावसात मुनी चातुर्मासासाठी एका गावी थांबतात. तुमचा हात कुठे थांबतो? उत्तर शब्दांत नको. फक्त तो हात पाहा.

गळाला लहान पिल्लू लागलं, असं समजा. कोरड्या हाताने धरलं तर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. हात आधी ओला करा, गळ अलगद काढा, पिल्लू पाण्यात सोडा. तुटलेली नायलॉनची दोरी गुंडाळून खिशात घ्या. काठावर राहिली तर बगळ्याच्या पायात अडकेल. करंट सोडून किंवा जिलेटिन फोडून मासे मारणारा पुढचं काहीच पाहत नाही. तिथे पिल्लंही मरतात, आणि कधी मारणाराही.

आता शेवटची पायरी. बर्फ फुटला, माणूस पाण्यात पडला. जाणते सांगतात, ज्या दिशेने आलास तिकडेच तोंड कर, कारण तिथल्या बर्फाने तुला आतापर्यंत पेललं होतं. याचसाठी गळ्यात अडकवलेले टोकदार दांडे बर्फात रोव, पाय मार, छातीवर सरकत वर ये. वर आलास तरी उभा राहू नको, लोळत दूर जा. इथे दूधगंगेतही पाणी अचानक वाढताना दिसलं तर गळ, पिशवी, लागलेला मासा, सगळं तिथेच टाकून काठ गाठायचा. पुढे जाणं जिथे चुकतं तिथे मागे वळणं हेही सावधपणाचंच पाऊल आहे.

सावकाश डोळे उघडा. पुढच्या वेळी नदीवर जाल तेव्हा घरी सांगून जा, एकट्याने जाऊ नका, पोहता येत असलं तरी पाण्यात उतरण्याआधी काठीने तळ चाचपा. आणि तिथल्या जुन्या कोळ्याला किंवा भोयाला विचारा, "मामा, आज पाणी कसं आहे?" त्याच्या उत्तराला थांबा. तो नको म्हणाला तर त्या दिवशी काठावर बसून परत या. जे शिकायला गेलात ते तेवढ्यात झालेलं असेल.