आत कोणी असेल तर?

२१ सप्टेंबर २००३ रोजी 'गॅलिलिओ' हे अंतराळयान मुद्दाम गुरू ग्रहाच्या वातावरणात सोडून नष्ट करण्यात आले. जवळजवळ आठ वर्षे त्याने गुरूची व त्याच्या चंद्रांची इमानाने पाहणी केली होती. मग त्याचा असा शेवट का केला? त्याचे इंधन संपत आले होते. भरकटलेले यान एखाद्या दिवशी युरोपा या चंद्रावर आदळले असते, तर पृथ्वीवरून त्याला चिकटून गेलेले जंतू तेथे पोहोचण्याची भीती होती.

युरोपावर असे काय आहे? सूर्यापासून तो इतका दूर आहे की तेथे पाणी गोठूनच राहायला हवे. पण गुरूच्या ओढीने त्याचा गाभा सतत ताणला जातो व त्यातून उष्णता निर्माण होते. त्यामुळे बर्फाच्या कवचाखाली खारट पाण्याचा महासागर असावा, असे गॅलिलिओच्याच मोजमापांवरून दिसते. द्रवरूप पाणी, ऊर्जा आणि कार्बनसारखी मूलद्रव्ये एकत्र आली की जीवनाला आसरा मिळू शकतो. शनीचा एन्सेलाडस हा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. पण त्याच्या भेगांतून उडणाऱ्या फवाऱ्यांत 'कॅसिनी' यानाला पाणी, क्षार व कार्बनी संयुगे सापडली. म्हणून २०१७ साली कॅसिनीलाही शनीच्या वातावरणात जाळून टाकण्यात आले.

तेथे जीव आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. मग आपल्यापैकी कोणी विचारील, 'येथे माणसे उपाशी असताना दूरच्या जंतूंची काळजी कशाला?' प्रश्न रास्त आहे. पण ही काळजी घेताना कोणाच्या ताटातला घास काढून घेतला गेला नाही. यानांचे काम संपतच आले होते. शिवाय, झुडपात हालचाल दिसली आणि सावज आहे की माणूस याची खात्री नसेल, तर शिकाऱ्याने गोळी झाडू नये, हे नीतिशास्त्रातले जुने उदाहरण आपण जाणतो. 'कोणी असेल' एवढी शंकासुद्धा आपला हात रोखायला पुरेशी असते.

मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. कोट्यवधी किलोमीटर दूरच्या, न पाहिलेल्या पाण्याची राखण माणूस करू शकतो. आपल्या विहिरीत, तळ्यात, ओढ्यात तर जीव आहे, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. तेथे आपण काय टाकतो? घरी जाताना वाटेत लागणाऱ्या पाण्याकडे आज आपण एकदा नीट पाहू या.