परक्यांची ठेव

जुनी वस्तु घराबाहेर काढतांना ती झटकून पुसून द्यावी, हा आपल्याकडील साधा गृहस्थधर्म आहे. कपाट विकावयाचें झालें तर त्याचे खण पाहावयाचे, कोट कोणास द्यावयाचा झाला तर त्याचे खिसे चांचपावयाचे, येवढें शहाणपण शाळेंत न गेलेल्या मनुष्यासही असतें. पण जिचे खण डोळ्यांना दिसत नाहींत आणि जिचे खिसे मोजतां येत नाहींत, अशी एक वस्तु आतां घरोघर येऊन बसली आहे. तो संगणक हातावेगळा करतांना आपलें कर्तव्य काय, हा प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा वाटतो. माझ्या मतें तो नीतीचा आहे.

माझा एक पुतण्या यवतमाळ जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचें दुकान चालवितो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ति, जें जें सरकारदरबारीं मागावयाचें तें तें हल्लीं अशाच दुकानांतून जातें. २०१७ सालीं घेतलेला त्याचा संगणक अगदींच मंदावला, तेव्हां त्यानें नवा आणला आणि जुना एका कबाड्यास देऊं केला. मीं सहज विचारलें कीं, आंतल्या कागदपत्रांचें काय? तो म्हणाला, ‘‘काका, सगळं डिलीट केलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली.’’

त्याच्या बोलण्यांत लबाडी नव्हती. अज्ञान होतें, आणि तें बहुतेक आपणां सर्वांचेंच आहे. त्याच्या संगणकांत होती तशा फिरत्या तबकडीवरची फाईल डिलीट करणें म्हणजे पोथींतलें पान फाडणें नव्हे. अनुक्रमणिकेंतली एक ओळ खोडणें होय. पान जागच्या जागींच राहतें. ती जागा आतां नव्या मजकुरास मोकळी आहे, येवढीच खूण यंत्र करून ठेवतें, आणि तेथें दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जुनीं अक्षरें जशींच्या तशीं नांदत असतात. इंद्रायणींत बुडविलेल्या तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनीं कोरड्या वर आल्या, अशी आपली श्रद्धा आहे. त्या वर येण्यास विठ्ठलाची कृपा लागली. येथें फुकट मिळणारा एखादा प्रोग्राम पुरतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान-संस्थेच्या सिम्सन गारफिंकेल व अभि शेलत या दोन विद्यार्थ्यांनीं २००० ते २००२ या काळांत जुन्या बाजारांतून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकीं १२९ चालू निघाल्या, आणि नीट पुसलेल्या भरल्या अवघ्या १२. एक तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रांतली होती. तिच्यावर लोकांचे वर्षभराचे व्यवहार तसेच होते.

आतां पुतण्याच्या यंत्रांत काय होतें तें पाहा. २०१७ च्या पावसाळ्यांत राज्य सरकारनें दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर केली, आणि तिचा अर्ज ऑनलाइन भरला पाहिजे असा दंडक घातला. कापसाच्या या मुलुखांत अशा दुकानांपुढें रांगा लागल्या. आधारकार्ड, बँकेचें पासबुक, जमीन कोणाच्या नांवावर आणि कोणाच्या नाहीं, कर्ज किती आणि केव्हांपासून थकलेलें—जें मनुष्य सोयऱ्याधायऱ्यांपासून झांकून ठेवतो, तें त्यानें एका विशींतल्या पोरापुढें टेबलावर मांडलें. ज्या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनीं सबंध देशास माहीत झालें, तेथें कर्जाचा आंकडा हा नुसता आंकडा नसतो. योगायोग असा कीं, त्याच पावसाळ्यांत, २४ ऑगस्ट रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. रांगेंतल्या किती जणांना त्याची वार्ता लागली असेल! आणि लागली असती तरी त्यांनीं कागद पुढें केलेच असते. गरजूचा खासगीपणा हा नेहमींच दुसऱ्याच्या हवालीं असतो.

हवालीं केलेल्या वस्तूचा विचार आमच्या शास्त्रकारांनीं बारकाईनें केला आहे. मनूनें व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ऋणादानाच्या खालोखाल निक्षेपाचें स्थान आहे. आणि याज्ञवल्क्यानें उपनिधीचें प्रकरण सांगितलें आहे. आंत काय आहे हें न सांगतां, पेटींत घालून विश्वासानें ठेवावयास दिलेली वस्तु ती उपनिधि. ती जशी आली तशीच परत करावयाची. मला वाटतें, दुकानांतला तो संगणक हा शेंकडों माणसांचा उपनिधि होता. लोखंड पुतण्याचें, आंतला ऐवज परक्यांचा. कबाडी पैसे देणार होता लोखंडाचे, पण त्याच्याबरोबर जाणार होतें तें विकण्याचा अधिकारच विकणाऱ्याला नव्हता.

कोणी म्हणेल, अशा गरिबांच्या कागदांचा कोणाला काय उपयोग? ज्याला ही शंका येते त्याच्या नांवावर कोणी परस्पर सिमकार्ड घेतलें नसावें. पण उपयोगाची गोष्ट सोडून द्या. कोणी वाचलें नाहीं म्हणून विश्वासघात घडला नाहीं, असें मला म्हणवत नाहीं. २०२३ सालीं संसदेनें केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यांतही, ज्या कामासाठीं माहिती घेतली तें संपलें म्हणजे ती पुसावी, हें तत्त्व आलें आहे. घरगुती वापराला मात्र तो कायदा लागू नाहीं. तेव्हां आपल्या घरच्या यंत्रांत बहिणीचीं पत्रें आणि शेजाऱ्याच्या रक्ततपासणीचे कागद पडलेले असतील, तर त्यांचा राखणदार आपल्यावांचून दुसरा कोणी नाहीं.

येथवर माझें मन निःशंक होतें. अडचण पुढें आली. ठेव परत करावयाची असते, नष्ट करावयाची नसते. मूळ कागद धन्याकडे गेला, आपल्याकडे उरली ती नक्कल, सबब ती नष्ट करणें हेंच परत करणें होय, असा युक्तिवाद मीं केला. पण मूळ कागद धन्याकडे अजून आहे, हें कशावरून? कुडाच्या घरांत कागद भिजतात, त्यांना वाळवी लागते. कित्येकांचे फोटो तर दुकानांतल्याच कॅमेऱ्यानें काढलेले. कोणाची एकुलती एक प्रत यंत्रांत आहे हें ठरवावयाचें तर प्रत्येक फाईल उघडून पाहिली पाहिजे. आणि विश्वासानें दिलेली पेटी उघडून चाळणें हाच तर आपण टाळूं पाहतों तो अपराध! पुतण्या म्हणाला, ‘‘मग राहू द्या ना काका, विकतच नाही.’’ हा मार्ग सोपा दिसतो. माळ्यामाळ्यावर पडलेलीं जुनीं यंत्रें त्याचीच साक्ष देतात. परंतु न टाकणें म्हणजे सांभाळणें नव्हे. आपल्या मागें तो माळा कोण आवरील, हें आपणांस कोठें ठाऊक असतें?

शेवटीं असें ठरलें कीं, दुकानाच्या दाराला पाटी लावावी: ज्यांना आपले जुने कागद हवे असतील त्यांनीं महिन्याच्या आंत येऊन न्यावे. सात माणसें आलीं. मुदत संपल्यावर कांहींएक न उघडतां पुतण्यानें सबंध तबकडीवर आरंभापासून अखेरपर्यंत शून्यें लिहविलीं. त्याला चार-पांच तास लागले. पस्तीस पस्तीस वेळां लिहिण्याची एक रीत पूर्वीं सांगत असत, पण अलीकडच्या तबकड्यांना एक वेळ पुरते. न फिरणाऱ्या, नव्या जातीच्या एसएसडीची गोष्ट निराळी. तेथें यंत्र आपल्या सोयीनें लिखाणाची जागा बदलीत असल्यामुळें वरून लिहिण्याचा भरंवसा नाहीं. तेथें कारखानदारानें पुरविलेली पुसण्याची आज्ञा द्यावी, किंवा पहिल्या दिवसापासूनच सर्व मजकूर सांकेतिक लिपींत ठेवून अखेरीस तिची किल्ली नाहींशी करावी. ही दुसरी युक्ति मला फार मानवली. पण ती आरंभीं सुचावी लागते.

त्यानंतर आठवड्यानें दूरच्या एका पोडावरून एक बाई आली. मी त्या वेळीं दुकानांतच होतों. कर्जमाफीच्या फॉर्मासाठीं तिच्या नवऱ्याचा फोटो येथें काढला होता. तो माणूस आतां हयात नव्हता. ‘‘भाऊ, तो फोटू हाय का जी तुमच्या मशीनीत?’’ असें तिनें विचारलें. दाराची पाटी तिनें वाचली नव्हती. तिला वाचतां येत नव्हतें. पाटी लावतांना हें माझ्या कसें ध्यानांत आलें नाहीं, कोण जाणे.

पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें. मग त्यानें तिला खुर्ची दिली, पाणी दिलें, आणि म्हणाला, ‘‘नाही मावशी, ते मशीन गेलं.’’

यंत्र तेथेंच टेबलाखालीं होतें. कबाडी अजून आला नव्हता.