रान दिसणारी खोली

टोकियोला निघण्याआधी महिनाभर भाचा हॉटेलं चाळत होता. मेइजी जिंगू या देवस्थानाचं रान शहराच्या ऐन मध्यावर आहे, सुमारे 70 हेक्टर. त्याच्या जवळ राहायचं, एवढंच आत्याने सांगून ठेवलं होतं. शेवटी दोन हॉटेलं उरली. एक योयोगी स्टेशनामागच्या गल्लीत, चिंचोळं, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. दुसरं शिंजुकूतल्या मनोऱ्यात, पस्तिसाव्या मजल्यावर. काचेतून खाली सगळं रान. भाडं तिप्पट.

"देवळाचं दार किती लांब?" आत्याने विचारलं.

"गल्लीतून दहा मिनिटं, मनोऱ्यातून अर्धा तास. पण आत्या, व्ह्यू बघ ना!"

आत्याच्या गुडघ्यांचं मत वेगळं होतं. पण पैसे भाच्याचे. मनोरा ठरला.

वरून ते रान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसे. भाच्याने पोचल्या पोचल्या चाळीस फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आत गेली. नोव्हेंबर होता. भाचा वाचून आलेलं सांगत होता. हे रान माणसांनी लावलेलं. देवस्थान 1920 साली उभं राहिलं, तेव्हा देशभरातून लोकांनी लाखभर झाडं पाठवली. पंतप्रधान ओकुमा यांना सुगी, म्हणजे जपानी सीडर हवे होते, इसे आणि निक्कोच्या देवस्थानांत आहेत तसे सरळसोट, भारदस्त. वनशास्त्रज्ञ होंदा सेइरोकू अडून बसले. शहराच्या धुरात सुगी तगणार नाहीत. कापूर, ओक अशी रुंद पानांची सदाहरित झाडं लावा, पुढे ती आपलं बी आपणच रुजवतील. दीडशे वर्षांचा हिशेब मांडला होता त्यांनी. जे रान पुरतं वाढलेलं आपल्याला दिसणारच नाही, त्याच्यासाठी माणूस पंतप्रधानाशी भांडतो, याचं फार अप्रूप वाटतं.

आत्याचं लक्ष मात्र झाडूकडे. भला रुंद झाडू घेऊन एक माणूस वाटेवरची पानं लोटत होता. पोत्यात भरत नव्हता, जाळत नव्हता. पुन्हा झाडांखाली सारत होता.

"आमच्या देवरहाटीत असंच," ती म्हणाली. "घरात चुलीला काटकी नसली तरी तिथली आणायची नाही." तिचं माहेर रत्नागिरीकडचं; देवाच्या नावाने राखलेल्या रानाला तिथे देवरहाटी म्हणतात. मग बराच वेळ ती काही बोलली नाही, झाडूवाल्याच्या मागे मागे चालत राहिली.

दुपारी खोलीवर आल्यावर भाच्याने खिशातून ओकचं फळ काढलं. इथे त्याला डोंगुरी म्हणतात. डोक्यावर टोपी घातल्यासारखं दिसतं. त्याने ते काचेपाशी ठेवलं, मागे रान येईल असा कोन साधला.

"कुठलं रे ते?"

"आतलं. खाली पडलं होतं गं, तोडलं नाही."

"पडलेलंच रुजतं ना?"

भाचा हसला. फोटो काढला, पुसला, परत काढला. मग फळ खिशात टाकून निघाला. अर्धा तास चालून पोचला तेव्हा दार बंद झालं होतं. तिथलं दार सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला लागतं, हे त्याने वाचलं होतं. नोव्हेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. रात्री खिडकीबाहेर भोवती सगळे दिवे आणि मधे काळोखाचा एक मोठा तुकडा. चाळीस फोटोंत तो कुठेच नव्हता.

पहाटे अंधारात तो उठला. आत्या बूट घालून तयार बसली होती. गुडघे सांभाळत ती हळूहळू चालली, तो तिच्या पावलाने. दार नुकतंच उघडलं होतं. झाडूवाला खडीच्या वाटेवर आला होता. भाच्याने वाकून डोंगुरी पानांच्या ढिगाशी ठेवली. झाडू आला, पानं आणि फळ एकदमच झाडांखाली गेली. त्या माणसाने वर पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी त्यांनी सामान गल्लीतल्या हॉटेलात हलवलं. खिडकी उघडली की हात समोरच्या भिंतीला लागे.

"कपडे वाळत घालायला बरी," आत्या म्हणाली.