अक्कलहुशारीने

जबड्याच्या अगदी शेवटी, सगळ्यांत उशिरा येणाऱ्या दाढेला आपण अक्कलदाढ म्हणतो. अक्कल हा शब्द मुळातला अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. त्या दोन्ही भाषांतही ही दाढ अकलेचीच. लॅटिनमध्ये ती शहाणपणाची, तमिळमध्ये ‘ञानप्पल्’, म्हणजे ज्ञानाचा दात. तुर्की माणसे शहाणपणाच्या भानगडीत न पडता तिला ‘विशीचा दात’ म्हणतात. कोरियन भाषेत ती प्रेमाची दाढ, कारण प्रेमात पडण्याच्या वयात ती येते. या सगळ्यांत मला विचारात पाडते ते जपानी नाव : ‘ओयाशिराझु’, आईवडिलांना ठाऊक नसलेली. ती उगवेपर्यंत मूल घराबाहेर पडलेले असे, किंवा जुन्या काळी आईवडीलच हयात नसत, अशी त्याची उपपत्ती सांगतात.

आज हे नाव उलटे झाले आहे. सगळा जबडा एकाच चित्रात दाखवणारा ओपीजी नावाचा एक्स-रे काढला, की दाढ हाडात असतानाच दिसते. मुलाला काही जाणवण्याआधी आईवडिलांना सगळे ठाऊक. आणि ठाऊक झाले की निर्णय घ्यावा लागतो. जी दाढ अजून दुखलेली नाही, कदाचित कधीच दुखणार नाही, ती काढावी का? आणि हे ठरवायचे कोणी?

माझी बहीण कुंभकोणमच्या एका तंजावरी मराठी घरात दिलेली आहे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी आलेल्या कुटुंबांपैकी ते एक. घरात तीनशे वर्षांची, तमिळ वळणाची मराठी, आणि बाहेर तमिळ. गेल्या वर्षी बारावी झालेल्या माझ्या सतरा वर्षांच्या भाचीचा असा एक्स-रे निघाला. खालच्या दोन्ही अक्कलदाढा पुढे कललेल्या होत्या, वरच्या दोन्ही सरळ. दुखत काहीच नव्हते. कॉलेज सुरू होण्याआधी चारही काढून घ्या, असा सल्ला मिळाला. तिच्या वडिलांना तो पटला. आजी म्हणाली, दुखत नाही त्याला हात कशाला लावायचा? संमतिपत्र इंग्रजीत होते. आजीला ते मराठीत समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले, कारण भाषांतर हा माझा धंदा.

ते सांगताना मला आपल्या जुन्या दस्तऐवजांतले वाक्य आठवले : ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो.’ यात दोन अटी आहेत. राजीखुशी म्हणजे कोणाचा दाब नाही. अक्कलहुशारी म्हणजे काय लिहून देतो आहोत ते समजले आहे. त्या संमतिपत्रावर सही वडिलांची होणार होती, कारण मुलीला अठरा पूर्ण नव्हती. दाढ मात्र तिची होती.

काढण्याच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते. तिच्याखाली अन्न साठते, सूज येते, पू होतो, कधी तोंड उघडणे कठीण होते. आडवी दाढ पुढच्या दाढेला टेकली की मधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही, आणि कीड लागते ती पुढच्या, रोजच्या कामाच्या दाढेला. शेवटच्या पाहुण्याने यजमानाला घराबाहेर काढावे तसे हे. शिवाय विशीच्या आत मुळे पूर्ण तयार झालेली नसतात, जखम लवकर भरते. चाळिशीत तेच काम अवघड होते.

विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. खालच्या जबड्यात या दाढांच्या मुळांजवळून ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, आणि आतल्या अंगाने जिभेची. त्यांना इजा झाली तर ओठ किंवा जीभ बधिर होते. बहुतेकांची पुन्हा ठीक होते, थोड्यांची कायमची राहते. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली सांगितले, की रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. पुढे तिथल्याच काही दंतशल्यविशारदांनी दाखवून दिले, की त्यामुळे बरेच रुग्ण मोठ्या वयात, पुढची दाढ किडल्यावर येऊ लागले. म्हणजे शास्त्राकडे आकडे आहेत, तयार उत्तर नाही. आजचे नक्की दुखणे आणि उद्याचे संभाव्य दुखणे यांची तुलना ज्याच्या तोंडात दाढ आहे त्यालाच करावी लागते.

एक युक्तिवाद मात्र मी बाद करते : ‘नाहीतरी तिचा उपयोग काय?’ डार्विनने १८७१ साली ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये नोंदवले, की सुधारलेल्या मानववंशांत या दाढा लोप पावण्याच्या वाटेवर दिसतात. ते मान्य केले तरी निरुपयोगी असणे हा गुन्हा नव्हे. शरीरात असण्यासाठी कोणत्याही अवयवाला कामाचा दाखला द्यावा लागत नाही. तो काढायचा असेल तर पुरावा काढणाऱ्याने द्यायचा, आणि तो अपायाचा हवा.

आजीच्या ‘हात कशाला लावायचा’मध्येही एक गफलत आहे. थांबणे आणि दुर्लक्ष करणे बाहेरून सारखेच दिसते. थांबणाऱ्याला ठराविक काळाने तोंड दाखवावे लागते, एक्स-रे काढावा लागतो, पैसे आणि रजा लागते. ज्याच्या गावात दंतवैद्य नाही, जो दुखल्याशिवाय शहरात येऊच शकत नाही, त्याला ‘वाट पाहा’ सांगणे म्हणजे त्याला दुखण्याच्या हवाली करणे. त्याच्यासाठी आधी काढून टाकणे हाच शहाणपणा ठरू शकतो. म्हणून एकाच एक्स-रेला दोन माणसांसाठी दोन प्रामाणिक उत्तरे असू शकतात.

भाचीने संमतिपत्र स्वतः वाचले आणि डॉक्टरांना विचारले : चौघींपैकी आत्ता अपाय कोण करते आहे? उजवीकडची खालची दाढ पुढच्या दाढेला टेकली होती, तिथे अन्न अडकत होते. ती काढली. उरलेल्या तीन दाढांवर लक्ष ठेवायचे ठरले. हे उत्तर सर्वांसाठी बरोबर आहे असे मी म्हणणार नाही. प्रश्न मात्र बरोबर होता, आणि तो विचारायला अठरा पूर्ण व्हावी लागली नाहीत.

अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे, की काही स्त्रियांना ऐंशीच्या पुढे, आयुष्याच्या अखेरीस या दाढा आल्या, आणि फार दुखल्या. काही जणांना तर त्या येतच नाहीत. तेव्हा दाढेवरून अकलेचे वय ठरत नाही. दुसऱ्याच्या शरीराबद्दल आपल्याला त्याच्याआधी कळले, तर ते कळणे त्याच्या स्वाधीन करावे, त्याला समजेल अशा भाषेत. ‘अक्कलहुशारीने’ या शब्दाचा तेवढा तरी अर्थ उरला पाहिजे.