श्रद्धेचे मोल कोणी द्यावे?

आयर्लंडच्या शेतशिवारांत मातीच्या बांधाने वेढलेली जुनी वर्तुळे ठायी ठायी आढळतात. त्यांची संख्या सुमारे ४५,००० भरते. इ. स. ५०० ते १००० या काळातील शेतकऱ्यांची ती घरठाणी होत, असा पुराणवस्तुवेत्त्यांचा निर्वाळा आहे. लोकांस मात्र तेथे एका अदृश्य जातीचा वास असल्याचे पिढ्यान्‌पिढ्या वाटत आले. भयापोटी तिचे खरे नाव न घेता ते 'भली माणसे' म्हणत. रात्री सापास 'लांबडे' म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांस याचे नवल वाटले नसते.

बांध मोडला किंवा त्यावरील काटेझाड तोडले, तर गुरे दगावतील, घरात दुखणे शिरेल, अशी समजूत. म्हणून शेतकरी नांगर वळवून नेई आणि जमिनीचा तो तुकडा पड राही. कायद्याचे संरक्षण लाभण्यापूर्वी कित्येक शतके या भयाने ती ठाणी राखली. यास भाबडेपणा म्हणून हसणे सोपे आहे.

परंतु याच समजुतीने १८९५ च्या मार्च महिन्यात टिपररी परगण्यात एक बळी घेतला. ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी तरुण स्त्री आजारी पडली. पती मायकेल याच्या मनाने घेतले की ही आपली पत्नी नव्हेच. खरीस 'भल्या माणसांनी' नेले आणि तिच्या रूपाची दुसरीच कोणी येथे ठेविली. आप्तांच्या देखत तिला बळेच औषधी पाजण्यात आली, देवाचे नाव घेऊन ती कोण हे पुनःपुन्हा वदविण्यात आले, आणि अखेर पतीनेच तिला जाळले. त्यानंतर खरी पत्नी घोड्यावरून बाहेर येईल या आशेने तो जवळच्या एका जुन्या ठाण्यापाशी रात्री जागत बसला! न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल त्यास २० वर्षांची सक्तमजुरी दिली.

समजूत एकच, मग भेद कोठे? श्रद्धेच्या अतिरेकात, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. शेतकऱ्याच्या श्रद्धेने त्याचा स्वतःचा हात आवरला, आणि तिचे मोल त्याने आपल्याच पिकातून दिले. मायकेलच्या श्रद्धेने त्याचा हात मोकळा सोडला, आणि मोल दिले ते 'मी ब्रिजेटच आहे' असे सांगणाऱ्या स्त्रीने. 'भली माणसे' आहेत की नाहीत याचा निकाल न लागताही हा भेद दिसतो.

अर्थात, हिशोब नेहमीच इतका सरळ नसतो. १९९९ साली क्लेअर परगण्यात नव्या रस्त्याच्या वाटेत असेच एक काटेझाड आले. कथाकार एडी लेनिहन यांनी ते तोडण्याविरुद्ध जाहीर आवाज उठविला, आणि झाड राखून रस्ता नेण्यात आला. अशा कामाचा भार श्रद्धा नसलेल्या करदात्यावरही पडतोच. तथापि त्यास कोणी काही मानावयास लावले नाही. तेवढा भार मी तरी कुरकुर न करता सोसला असता.