जपलेला ड्रेस नक्की कोणाचा?

बॉलरूम डान्सचा ड्रेस हँगरला टांगून ठेवायचा नसतो. एवढी देखणी वस्तू कपाटात ऐटीत लटकत असणार, असं आपल्याला वाटतं. पण त्यावर चिकटवलेले हजारो खडे आणि घेराच्या खालच्या कडेला शिवलेली ताठ पट्टी यांचं सगळं वजन खांद्यांवर आणि ताणल्या जाणाऱ्या कापडावर येतं. असाच टांगलेला राहिला तर ड्रेस हळूहळू लांबतो आणि अंगावर नीट बसेनासा होतो. म्हणून तो उलटा करायचा, खडे आत आणि अस्तर बाहेर, आणि सुती चादरीत गुंडाळून आडवा ठेवायचा. प्लास्टिकमध्ये ठेवायचा नाही, कारण ओल कोंडून बुरशी धरते. ड्रायक्लीनला टाकायचा नाही, कारण तिथल्या द्रावणाने खड्यांचा गोंद सुटू शकतो. घामाच्या वासावर नाटकाच्या कपडेपटातली जुनी युक्ती चालते. स्प्रेच्या बाटलीत व्होडका भरायची, काखेपाशी अस्तरावर फवारायची आणि पंख्याखाली वाळू द्यायचं. (ती बाटली कशासाठी आहे हे आईला समजावण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.)

यात परकं असं काही नाही. पैठणीची घडी अधूनमधून मोडून वेगळी घाला, नाहीतर जर घडीवर तुटते, हे आपल्याकडच्या आज्या सांगत आल्याच आहेत. जपायचं कसं, हे आपल्याला चांगलंच कळतं. जपायचं कशासाठी, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझा ड्रेस मोरपिशी आहे, वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉटसाठीचा, मोठ्या घेराचा. तो मी सेकंडहँड घेतला होता. आतल्या शिवणीपाशी आधीच्या कुणा बाईची आद्याक्षरं दोऱ्याने काढलेली आहेत. मी तो तीन वर्षं स्पर्धांत घातला. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्पर्धा संपल्या. गेले दीड वर्ष तो दिवाणात आहे. दर दोन महिन्यांनी मी तो काढते, वारा देते, सिलिका जेलच्या पुड्या बदलते, सुटू पाहणारे खडे चिकटवते आणि परत ठेवते. आता आमच्या पुण्यातल्या क्लासमधल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीने विचारलंय, ‘ताई, तुमचा तो ड्रेस विकणार का?’

माझं पहिलं उत्तर होतं, ‘अगं, तो फार नाजूक आहे.’ उत्तर खोटं नव्हतं. पण नाजूक असणं हे न देण्याचं कारण होऊ शकतं का, यावर मी गेले काही आठवडे विचार करतेय.

मे २०२२ मध्ये किम कार्दाशियनने मेट गालाला मेरिलिन मन्रोचा ड्रेस घातला, तेव्हा हाच वाद जगभर झाला. मन्रोने १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात गाताना घातलेला तो खड्यांचा ड्रेस. किमने तो जेमतेम काही मिनिटं घातला आणि नंतर त्याची नक्कल अंगावर चढवली. तरी संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने स्पष्ट सांगितलं की ऐतिहासिक कपडे कुणीच घालू नयेत. मला हे पटतं. तो ड्रेस आता कपडा उरलेला नाही, पुरावा झालाय. पुढची शंभर वर्षं माणसं तो बघतील, त्याची शिवण अभ्यासतील. एका बाईच्या एका संध्याकाळीसाठी त्या सगळ्यांचा वाटा धोक्यात घालणं अन्यायच आहे.

पण मग डायना आठवते. नोव्हेंबर १९८५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये ती जॉन ट्राव्होल्टाबरोबर नाचली, तो व्हिक्टर एडेलस्टीनने केलेला गडद निळा मखमली ड्रेस. तो तिने पेटीत ठेवून दिला नाही. जून १९९७ मध्ये स्वतःच्या ७९ ड्रेसेसचा न्यूयॉर्कमध्ये लिलाव करवला, पैसे दानाला दिले आणि मोकळी झाली. तो ड्रेस पुढे फिरत फिरत २०१९ मध्ये राजवाड्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेकडे पोचला. आज त्याला जपणं योग्यच आहे. पण तो जपला जातोय तो अनोळखी हजारोंसाठी.

माझ्या दिवाणातला ड्रेस कोणासाठी जपला जातोय? माझ्यासाठी. त्यातही आजच्या माझ्यासाठी नाही, गुडघा शाबूत असलेल्या एका बाईसाठी, आणि ती आता येणार नाही. संग्रहालयाचा नियम मी घरी आणला, पण त्यामागचं कारण आणलं नाही.

याला एक उत्तर देता येतं. कुणीतरी तासन्तास बसून एकेक खडा हाताने चिकटवलाय, त्या श्रमांचा मान म्हणून तरी वस्तू टिकवावी. हा मुद्दा मला सहज उडवून लावता येत नाही. पण तो खडा लावणाऱ्या हातांनी कशासाठी लावला होता? खड्याचे पैलू चमकतात ते प्रकाशाचा कोन बदलला की, म्हणजे अंग वळलं की. चादरीत गुंडाळलेल्या ड्रेसमध्ये त्या हातांचं अर्धंच काम शिल्लक असतं. ड्रेस झिजतो तेव्हा त्या श्रमांचा अपमान होतो, असं मला वाटत नाही.

मग देऊन टाकावा का, नुसताच? इथे आपल्याकडची एक अडचण आहे. वापरलेला कपडा आपल्याकडे वरून खाली जातो. मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे, मालकिणीकडून कामवालीकडे, नाहीतर बोहारणीकडे स्टीलच्या डब्याच्या बदल्यात. ‘उतरलेले कपडे’ या शब्दातच पायऱ्या आहेत, आणि ज्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या घ्यावे लागले त्यांना त्या पायऱ्या नीट ठाऊक आहेत. बॉलरूमच्या जगात मात्र ड्रेस सर्रास सेकंडहँड विकला जातो, कारण नवा परवडत नाही. तिथे घेणारीला खाली बघावं लागत नाही. त्या मुलीने ‘द्याल का’ असं विचारलं नव्हतं, ‘विकणार का’ असं विचारलं होतं. मी फुकट दिला असता तर तिचा प्रश्न बदलून टाकला असता. म्हणून मी किंमत सांगितली, मी दिली होती त्याच्या निम्मी. ती दोन हप्त्यांत देणार आहे.

मग मी तिला सूचना लिहायला बसले. हँगर, प्लास्टिक, व्होडका, ऊन, परफ्यूम थेट कापडावर नको, बसताना घेर सावरून घे. चौदा सूचना झाल्या. पुन्हा वाचल्या तेव्हा निम्म्या ड्रेससाठी होत्या आणि निम्म्या मला अजून तिथे असावंसं वाटत होतं म्हणून. ‘दर दोन महिन्यांनी मला फोटो पाठव’ ही त्यातली एक. सहा ठेवल्या.

परवा ती ड्रेस घालून बघायला आली. कंबरेत दीड इंच घ्यावा लागेल. बाह्या तिला नकोच आहेत, काढूनच टाकायच्या आहेत. मी खुर्चीच्या पाठीला हात धरून उभी होते. टेलर खड्यांचं काम करणारा हवा, एवढं मी सांगितलं. काढलेल्या बाह्या हव्यात का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं.